रॅम्पवरच्या गर्दीतून नवा डिझायनर हेरायचा कसा

मोठ्या नावाच्या डिझायनरांचा फॅशन शो बघून बेळगावातल्या बुटीकवाल्याच्या हाती फारसं काही लागत नाही. त्यांचा माल ठरलेल्या चार दुकानांत जातो, किंमत आपल्या गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरची, आणि आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त मोबाइलवरचा फोटो. गिऱ्हाईक तो दाखवून म्हणतं, ‘अगदी असंच शिवून पायजे, दिवाळीच्या आधी.’ कामाची माणसं सापडतात ती नवोदितांच्या शोमध्ये. नवं लेबल, एक कटिंग मास्टर, तीन-चार टेलर, पन्नास-शंभर नग काढायची ताकद. अशा माणसाला बेळगाव, निपाणी किंवा हुबळीतलं एक दुकानसुद्धा मोठं गिऱ्हाईक असतं. तो फोन उचलतो.

अडचण एवढीच, की रॅम्पवर त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. दिवे, गाणं, केसांचे आकार, दागिने या सगळ्यांतून कपडा बघायला सेकंद उरतात. तेव्हा काय बघायचं ते आधीच ठरलेलं हवं. माझ्या मते प्रश्न एकच: हाच कपडा हा माणूस वीस वेळा असाच करून देईल का? बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

कुठे बघायचं

आपल्याकडे फॅशन वीक सुरू झाला २००० साली, दिल्लीत. एफडीसीआय ही डिझायनरांची संस्था त्याच्या दोन वर्षं आधीची. २००६ पासून मुंबईचा लॅक्मे फॅशन वीक आणि एफडीसीआयचा दिल्लीतला वेगळा झाला. २०२१ पासून दोघं पुन्हा एकत्र येऊन करतात. अलीकडे साधारण मार्चमध्ये मुंबई आणि ऑक्टोबरमध्ये दिल्ली असा क्रम असतो. त्यात आपल्या कामाची दोन दालनं. एक ‘जेननेक्स्ट’, म्हणजे निवडलेल्या नव्या डिझायनरांचा एकत्र शो. राहुल मिश्रा २००६ मध्ये इथूनच, केरळच्या हातमागाचं कापड घेऊन पुढे आले. २०१४ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळालं आणि २०२० मध्ये ते पॅरिसच्या ओत कुत्यूर, म्हणजे मापावर शिवलेल्या उंची कपड्यांच्या, सप्ताहात पोचले. दुसरं दालन ‘सर्क्युलर डिझाइन चॅलेंज’, जुन्या कापडातून, कातरणांतून, टाकाऊतून कपडा करणाऱ्यांचं. या दुसऱ्यात रॅम्पवर गंमत जास्त, पण दुकानासाठी माल कमी निघतो. कातरणांचा कपडा दरवेळी वेगळाच होणार, आणि ‘ताईंनी घेतला तसाच मला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पटवणं अवघड जातं.

आत जायचं तर नोंदणी आधी करावी लागते. बायर म्हणून मागणार असाल तर दुकानाचा पत्ता, जीएसटी क्रमांक, कार्ड आणि दुकानाचं इन्स्टाग्राम पान तयार ठेवा. बेळगावहून दादरला जाणारी चालुक्य किंवा शरावती एक्स्प्रेस आहे, रात्रीच्या खासगी बस तर आहेतच. पण नुसता शो बघायला मुंबई गाठायची गरज नाही. बरेच शो यूट्यूबवर असतात, आणि हेरगिरीसाठी तो पडदा खुर्चीपेक्षा बरा. खुर्चीवरून कपडा एकदाच दिसतो. मुंबईला जायचं असेल तर डिझायनरांच्या मालाच्या स्टॉलसाठी जा, रॅम्पसाठी नको.

यूट्यूबवर बघताना कॉम्प्युटर घ्या, मोबाइल नको. आधी दर्जा १०८० वर न्या, वेग पाव करा. व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचा पूर्णविराम दाबला की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, स्वल्पविरामाने मागे जातं. मॉडेल वळते ती जागा अशी सरकवत बघा. पाठ, बाजूची शिवण, चेन सगळं तिथेच उघडं पडतं. इन्स्टाग्रामच्या रीलवर विश्वास ठेवू नका. त्यात वळणं कापलेली असतात.

पहिला लूक सोडा

कलेक्शनमधला पहिला आणि शेवटचा लूक (एका मॉडेलच्या अंगावरचा पेहराव) फोटोसाठी असतो. त्यावर सगळ्यात जास्त रात्री जागलेल्या असतात आणि तो सहसा एकच नग असतो. मधल्या लूककडे बघा: साधा कुर्ता, शर्ट, जाकीट, पँट. डिझायनरचा हात तिथे कळतो, कारण तिथे लपवायला भरतकाम नसतं.

सगळ्यात आधी खांदा. खांद्याची शिवण मानेपासून दंडाच्या हाडापर्यंत सरळ बसली आहे की मागे ओढली आहे? मागे ओढली असेल तर गळ्याचं माप चुकलंय किंवा पाठीमागे चिमटे लावलेत. रॅम्पवर चिमटे, टाचण्या, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी हे सर्रास असतं, त्यात लबाडी काही नाही. नमुना एकाच मापाचा असतो आणि मॉडेल वेगवेगळ्या. पण वळताना पाठीवर उभी घडी दिसली तर समजायचं, समोरून दिसणारी फिटिंग खरी नव्हे.

मग मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई. चालताना हात मागे-पुढे जातो तेव्हा कुर्त्याची सगळी बाजू वर ओढली जाते का? मुंढा खोल कापला की तसं होतं. खोल मुंढा कापणं सोपं, कुणाच्याही अंगाला चालतो, म्हणून घाईतला मास्टर तो कापतो. पण घालणारीने बसच्या दांडीला हात लावला की अख्खा कुर्ता वर येतो. स्टॉलवर हीच परीक्षा हाताने करता येते: अंगात घाला, हात डोक्याच्या वर न्या, खालचा घेर दोन इंचांपेक्षा फार वर गेला तर मुंढा पुन्हा काढायला सांगा. मुंढा उंच आणि तरी आरामात हात फिरतो, असं करणारा नवा डिझायनर दिसला तर त्याचं नाव लिहून ठेवा. बाकीचं त्याला शिकवता येईल.

घेराकडे बघताना एक खूण. गोल घेराचा काही भाग उरेब, म्हणजे तिरपा, येतो, आणि उरेब कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं. म्हणून शिवलेला घेर किमान एक रात्र टांगून ठेवायचा, लोंबलेलं पुन्हा सारखं कापायचं, मग खालची पट्टी मोडायची. शोच्या आदल्या रात्री शिवलेल्या कपड्याला ही रात्र मिळत नाही. पडद्यावर घेर दोन-तीन जागी खाली उतरलेला दिसतो. ही चूक माफ करण्यासारखी. मात्र त्याच डिझायनरच्या स्टॉलवरच्या मालातही तीच दिसली तर ती घाई नव्हे, सवय आहे.

चेनीजवळ लाट उठली असेल तर हातमागाच्या सैल कापडावर फ्यूजिंगची, म्हणजे इस्त्रीने चिकटवायची, पट्टी न लावता चेन बसवलेली असते. अंगाला घट्ट कपड्यात शिवणीपाशी धागे सरकून बारीक फटी दिसत असतील तर शिवणीच्या आत सोडतात ते मार्जिन कमी ठेवलंय आणि अस्तरही नाही. दोन्ही गोष्टी सुधारता येतात, पण ऑर्डरच्या कागदावर लिहून घेतल्या तरच.

लांबीचा हिशेब डोक्यात ठेवा. मॉडेल पाच फूट नऊ इंच, वर टाचा. टाचा न धरता तिच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत साधारण सत्तावन्न इंच, म्हणजे अठ्ठेचाळीस इंची ड्रेस जमिनीपासून नऊ इंच वर थांबतो. आपल्या पाच फूट एक इंचाच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यापासून जमीन जेमतेम पन्नास इंच. तोच ड्रेस तिच्या घोट्यावर येणार. खालून कापता येईल का, की काठ तिथेच आहे? हा प्रश्न आपल्या भागातल्या कापडात फारच महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

खण, इरकल, कसुती

गेल्या काही वर्षांत रॅम्पवर खण वाढलाय. वैशाली एस. या डिझायनरने खण सातत्याने वापरला, आणि २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात कलेक्शन दाखवणारी पहिली भारतीय स्त्री डिझायनर म्हणून तिचं नाव झालं. तिच्यामागून बरेच नवे लोक खणाकडे वळले. हा खण येतो बदामीजवळच्या गुळेदगुड्डहून, म्हणजे आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातून. मुंबईच्या डिझायनरला जो खण ‘शोधून काढावा’ लागतो तो आपल्याकडे दर घरात ओटीच्या ताटात असतो. तेव्हा खण वापरला एवढ्यावर भुलायचं कारण आपल्याला तरी नाही. कसा वापरला ते बघायचं.

खणाची सगळी परीक्षा पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, आहे. मागावरच्या पारंपरिक खणाचा पन्हा साधारण तीस इंच, दोन्ही बाजूंना काठ. आता कुर्ता काढून बघा. अडतीस छातीच्या बाईला चार इंच सैल, म्हणजे तयार छाती बेचाळीस. पुढचा भाग एकवीस, दोन्ही बाजूंचं मार्जिन धरून तेवीस. तीस इंचात एकच भाग बसतो आणि बाजूला सात इंच उरतात. बाहीला पंधरा-सोळा लागतात, म्हणजे त्या सात इंचात बाही नाही. न विचार करणारा डिझायनर ही पट्टी फेकतो, म्हणजे जवळजवळ चौथाई कापड वाया घालवतो. विचार करणारा तिच्यातून गळपट्टी, गोट, खिशाचं तोंड, पँटची कंबर काढतो. किंवा मुळातच कळ्यांचा कुर्ता करतो: चौदा-पंधरा इंचांच्या दोन कळ्या एका पन्ह्यात आणि कातरण अगदी थोडं. फक्त नक्षीला वर-खाली असेल तर कळ्या उलटसुलट ठेवून कापता येत नाहीत. तसं कुणी केलं असेल तर एका कळीवर नक्षी उभी, शेजारच्या कळीवर डोक्यावर. पडद्यावर थांबवून बघा, दिसतं.

काठाचं गणित याहून मजेदार आहे. काठ कापडाच्या लांबीबरोबर धावतो. तो खालच्या घेरावर आडवा हवा असेल तर कापड आडवं फिरवावं लागतं, आणि मग कपड्याची उंची पन्ह्याएवढीच मिळते, तीस इंच. जाकीट, छोटा टॉप, मुलींचं परकर-पोलकं यात ते सहज बसतं. पण रॅम्पवर अठ्ठेचाळीस इंची खणाचा ड्रेस आणि त्याच्या खाली अखंड काठ दिसला, तर कुठेतरी जोड असणारच. तो जोड कमरेवर सफाईने घेतला असेल तर डिझायनर हुशार. काठ कापून खाली चिकटवल्यासारखा शिवला असेल तर धुतल्यावर काठ आणि अंग वेगवेगळं आटून चुण्या पडण्याची शक्यता मोठी. आणि असा ड्रेस आखूड करायचा झाला तर खालून कापता येत नाही. कमरेतून उचलावा लागतो. टेलरला तासाभराचं काम वाढलं, म्हणजे दुकानाचे पैसे गेले.

खणाच्या उलट बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात. अस्तर नसेल तर ते अंगठीत, बांगडीत अडकून ओढले जातात. जाकिटाला पूर्ण अस्तर हवं, ते सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून आटवलेलं हवं. हे विचारायला लाजू नका.

इरकल साडीची गोष्ट वेगळी. इरकलीच्या अंगाचा आणि पदराचा ताणा (मागावरचे उभे धागे) वेगवेगळा, आणि दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. कानडीत त्याला टोप तेणी म्हणतात. ही जोडणी साडीत वर्षानुवर्षं टिकते, कारण तिथे कुणी कात्री लावत नाही. नवे डिझायनर मात्र लाल पदर आणि काळं-हिरवं अंग दोन्ही एकाच कपड्यात दिसावं म्हणून नेमकी तीच जागा कापतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना आधी टीप मारून, आतून पट्टी लावून मगच कात्री लावली तर ठीक. नाहीतर चार धुण्यांत धागे सुटायला लागतात. शिवाय सुती अंग आणि रेशमी किंवा आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, पदर सारखे आटत नाहीत. जोड अंगावर उभा घेतलेला असेल तर धुतल्यावर कपडा एका बाजूला ओढतो. आडवा, म्हणजे कमरेवर किंवा छातीखाली घेतला तर हा दोष लपतो.

लाल रंगाची एक परीक्षा प्रत्येक स्टॉलवर करा. पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि आतल्या मार्जिनवर दहा वेळा घासा. रुमालावर गुलाबी उतरलं तर काठाचा रंग अंगावर जाणार हे नक्की. डिझायनर समोर उभा असताना हे करायला संकोच वाटतो, पण चांगला डिझायनर स्वतःच रुमाल पुढे करतो.

कसुती म्हणजे धारवाडकडचं हाताचं भरतकाम. त्यात फसवणूक सोपी आहे. गवंती आणि मुरगी हे दोन टाके हाताने घातले तर सुलट-उलट जवळपास सारखे दिसतात आणि गाठ कुठे दिसत नाही. मेंथी टाका मात्र फुलीसारखा, त्याची उलट बाजू वेगळीच असते, तिथे गोंधळू नका. यंत्रावरच्या कामाच्या मागे खालच्या रिळाचा वेगळा धागा आणि कडक कागदाचे तुकडे राहतात. रॅम्पवर ओढणी उडते त्या एका क्षणात उलट बाजू दिसते. फ्रेम थांबवायचं कसब इथे कामाला येतं. कसुती धागे मोजून घालतात, म्हणून कापडाची वीण सारखी हवी. जॉर्जेटवर ‘कसुती’ लिहिलेलं दिसलं की जरा थांबा. जाळी लावून, मग ती ओढून काढूनही करतात, पण तेव्हा किंमत आणि वेळ दोन्ही वाढतात. त्याने दोन्ही वाढवलेलं नसेल तर ते यंत्राचं काम.

पायातल्याचं एवढंच सांगतो. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे; बेळगाव त्यात आहे, आणि अथणी-निपाणीकडची कारागीर घरं त्याच मानांकनात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तसलीच चप्पल दाखवली तेव्हा आधी उगमाचं नाव नव्हतं. गवगवा झाला, मग त्यांनी मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये लिडकॉम-लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. नव्या डिझायनरची शो-नोट वाचताना हे आठवा. ‘भारतीय हस्तकला’ असं मोघम लिहिणारा आणि ‘गुळेदगुड्डचा खण, अथणीची चप्पल’ असं गाव लिहिणारा, या दोघांत दुसऱ्याकडे कापड पुन्हा मिळायची शक्यता जास्त. गावाचं नाव लिहितो तो त्या गावात गेलेला तरी असतो.

स्टॉलवर काय विचारायचं

नाव पसंत पडलं की लाइन शीट मागा. त्यात प्रत्येक नगाचा क्रमांक, कापड, मापं, होलसेल दर, किमान नग आणि माल कधी मिळेल हे असायला हवं. लुकबुक, म्हणजे नुसता फोटोंचा अल्बम, पुढे केलं आणि लाइन शीट नाहीच म्हटलं, तर तो अजून दुकानाला माल द्यायला तयार नाही. पुढच्या हंगामात बघा. राग धरायचं कारण नाही.

किमान नग का, हे समजून घेतलं तर घासाघीस बरी होते. हातमागावर ताणा एकदा चढवला की त्यावर ठरलेली लांबी निघते आणि ताण्याचा रंग मध्येच बदलत नाही. बेळगावच्या वडगाव-शहापुरातल्या कुठल्याही विणकराला ‘अण्णा, ह्या ताण्यावर किती वार निघेल?’ विचारा, तो लगेच सांगेल. म्हणून डिझायनरने एका रंगात बारा नग घ्याच म्हटलं तर ते आडमुठेपणाने नव्हे. त्याऐवजी ताणा तोच ठेवून आडवा धागा बदलून दुसरी छटा मिळेल का, असं विचारा. समोरच्याला माग कळतो की नाही ते त्याच्या उत्तरात दिसतं. ‘मी विचारून सांगतो’ हेही चांगलं उत्तर. ‘कुठलाही रंग होईल’ हे वाईट.

त्यानंतर मापं. नमुना एका मापाचा असतो, दुकानाला छत्तीस ते चव्वेचाळीस लागतात. बरेच नवे लोक बाजूच्या शिवणीत दोन-दोन इंच वाढवून मोकळे होतात. खांदा आणि मुंढा तसाच राहतो. चव्वेचाळीसचा एक नग मागवा, तोच अंगात घालून बघा. मधली मापं आपोआप बरी निघतात. आपल्या भागात बेचाळीस-चव्वेचाळीस जास्त खपतात आणि रॅम्पवर ती कधीच दिसत नाहीत. आत दीड इंच मार्जिन सोडायला सांगा, दर थोडा वाढला तरी चालेल.

किंमत बघताना डिझायनर टिकेल का हे बघायचं असतं. समजा एका ड्रेसला साडेतीन मीटर कापड चौदाशेचं, अस्तर-बटण दोनशे, शिलाई सातशे, थोडी कसुती नऊशे. झाले बत्तीसशे. त्याने विक्रीची किंमत सर्व करांसह पाच हजार ठेवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे अडीच हजारांच्या वरच्या कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, तो वजा केला की साधारण ४,२३७ उरतात. त्यावर दुकानाचं कमिशन चाळीस टक्के धरलं तर डिझायनरच्या हाती २,५४२. खर्चाहून साडेसहाशे कमी. स्वस्त मिळतंय म्हणून आपण खूश, आणि दुसऱ्या हंगामात लेबल बंद, किंवा हातची कसुती जाऊन यंत्राची आलेली. अशा वेळी भाव पाडून घेण्यात अर्थ नाही. कसुती फक्त गळपट्टीवर ठेवून खर्च कमी करता येतो का ते बसून बघा, किंवा भरतकाम काढून अडीच हजारांच्या आतला एक साधा नग त्याच कापडात मागा. तिथे कर पाच टक्केच लागतो. आपल्या गिऱ्हाइकाचा हातही तिथेच चालतो.

सीमाभागात आणखी एक भानगड. कोल्हापूर आपल्याला घरासारखं असलं तरी करासाठी ते दुसरं राज्य. मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या डिझायनरकडून माल आला की बिलात आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) हवा, आणि पन्नास हजारांच्या वर माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद. त्याहून जास्त लोक अडकतात ते कामासाठी कापड पाठवण्यात. डिझायनर मुंबईत, कसुती धारवाडला, शिलाई बेळगावात असं असेल तर राज्याबाहेर जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला रक्कम कितीही लहान असली तरी ई-वे बिल लागतं. खासगी बसच्या पोटात गाठोडं टाकून पाठवायची सवय इथे महागात पडते. नव्या डिझायनरला हे बहुतेकदा माहीतच नसतं. आपल्या सीएकडून एकदा समजून घेऊन त्यालाही सांगा.

पहिली ऑर्डर छोटी द्या: दोन डिझाइन, प्रत्येकी सहा-आठ नग, तीन मापांत. तीस ते चाळीस टक्के आगाऊ, बाकी माल तपासून. कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: मंजूर नमुना दुकानात सील करून ठेवलेला असेल, मार्जिन किती, अस्तर कसलं, उशीर झाला तर काय. कापड विणून घ्यायचं असेल तर सहा ते आठ आठवडे धरा, त्यात गणेशोत्सवाचे दिवस धरू नका. माग थांबतात, टेलर गावी जातात. दिवाळीला दुकानात माल हवा तर जूनअखेर ऑर्डर गेलेली बरी, आणि गुढीपाडव्यासाठी डिसेंबरच्या आत. माल आला की पहिल्याच दिवशी एक नग स्वतः धुवा, सावलीत वाळवा आणि सील केलेल्या नमुन्यावर ठेवून लांबी, छाती, बाही मोजा. एक इंचापर्यंत आटलं तर चालवून घेता येतं. त्याहून जास्त असेल तर उरलेला माल हँगरला लावायच्या आधी फोन करा.